आप्पांची पद्मिनी, द्वारका आणि डिकीतलं सामान

प्रश्न : नमस्कार दादा. आमच्याकडे आप्पांची १९८१ ची प्रीमियर पद्मिनी आहे, पेट्रोल, अजून ओरिजिनल इंजिनवर. आप्पा आता ७४ चे झाले, त्यांची एकच इच्छा आहे की याच गाडीने एकदा द्वारकेला जायचं. आखाजी (अक्षय तृतीया) झाली की निघू म्हणतोय, पाचोरा, पारोळा, धुळे, मग साक्री-नवापूरवरून सुरत आणि पुढे. येऊन-जाऊन दोन हजार किलोमीटर तरी होतील. आमच्या मिस्त्रीने ४३ वस्तूंची यादी लिहून दिलीय, त्यात डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा), सेल्फ (स्टार्टर), क्लच प्लेट सगळं आहे. एवढं नेलं तर आई-आप्पांच्या बॅगा कुठे ठेवू? खरंच काय न्यावं ते सांगा.
– एक वाचक, पाचोरा

उत्तर : भाऊ, आप्पांना घेऊन याच गाडीने जाताय हे वाचून फार बरं वाटलं, जरूर जा. मिस्त्रीची यादी चुकीची नाही, पण ती गॅरेजमध्ये उभं राहून लिहिलेली आहे. तुम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून विचार करा. प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारायचे, ही गेली तर गाडी जागेवर थांबते का, आणि ही मी माझ्या हाताने अर्ध्या तासात बदलू शकतो का. दोन्हीला हो असेल तरच डिकीत जागा.

क्लच प्लेट तुम्ही नवापूरच्या रस्त्यावर बदलणार नाही, ती यादीतून काढून टाका. सेल्फ गेला तर चार जण धक्का देतात, गाडी चालू होते. डायनॅमोचं पण तसंच, तो मेला तरी भरलेल्या बॅटरीवर दिवसा, लाइट न लावता, गाडी पुढच्या मोठ्या गावापर्यंत जाते कारण जुन्या इग्निशनला करंट फार लागत नाही. पण त्याच डायनॅमोचा फॅन बेल्ट तुटला तर वॉटर पंप बंद, इंजिन तापतं, मग एक किलोमीटरही पुढे जायचं नाही. म्हणून डायनॅमो घरी, बेल्ट सोबत, आणि तो ताणायला जो पाना लागतो तोही.

आता खरा मुद्दा, प्लगला ठिणगी पोचवणारे पार्ट, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर, रोटर, डिस्ट्रिब्युटर कॅप आणि कॉइल. सगळं मिळून एका स्टीलच्या डब्यात मावतं आणि जुनी गाडी रस्त्यात बंद पडते ती बहुतेक वेळा याच्यामुळे किंवा पेट्रोलमुळे. पण नवा पार्ट दुकानातून आणून तसाच पॅक डब्यात ठेवू नका. नवा आत्ता गाडीला लावा, पंधरा दिवस गावात चालवा, आणि काढलेला जुना, चालू असलेला, डब्यात ठेवा.

हे मी बिजासन घाटात शिकलो. धुळ्याहून इंदूरला निघालो होतो, आदल्या दिवशी नवा कंडेन्सर टाकलेला. पळासनेर सोडलं आणि चढावर गाडी झटके द्यायला लागली, थांबलो की जरा बरी, इंजिन गरम झालं की परत तेच. कॅप काढली तर पॉइंटची टोकं निळी-काळी पडलेली आणि करपल्याचा वास. कंडेन्सर गेला की ठिणगी प्लगवर पडायच्या ऐवजी पॉइंटवरच मोठी पडते, त्याची ही खूण. डब्यातला दुसरा नवा लावला, तो पण मेलेला, दोन्ही एकाच खोक्यातले! शेवटी मिस्त्रीने काढलेला जुना ग्लोव्ह बॉक्समध्ये सापडला, तो लावला, पॉइंट पॉलिश पेपरने घासले आणि इंदूर गाठलं, परत आलो तेसुद्धा त्याच्यावरच. त्या घाईत कंडेन्सरचा बारका स्क्रू खडीत पडला, तो शोधण्यात अर्धा तास गेला. तेव्हापासून डब्यात चार जास्तीचे स्क्रू, एक लोहचुंबक आणि खाली पसरायला जुना टॉवेल असतोच. फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) विसरू नका, पॉइंटचा गॅप अर्ध्या मिलीमीटरला जरा कमी ठेवायचा.

हे पार्ट निघायच्या दोन महिने आधी जमवायला घ्या. मुंबईत पद्मिनीच्या टॅक्स्या होत्या तोवर पार्ट मुबलक मिळायचे, शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली आणि आता दुकानदार शिल्लक माल दाखवतात, त्यात चांगला कुठला ते लावल्याशिवाय कळत नाही.

पेट्रोलचं नीट ऐका, कारण तुम्ही आखाजीनंतर म्हणजे ऐन उन्हात निघताय. पद्मिनीचा पेट्रोलचा पंप इंजिनलाच लागून आहे, आपल्याकडच्या ४३-४४ डिग्रीत घाट चढताना त्यातलं पेट्रोल उकळून वाफ होते आणि पंप पेट्रोल ओढतच नाही. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, जुन्या रबराला ते चालत नाही, पाइप फुगतात, पंपातला रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, मऊ पडतो. सगळे रबरी पाइप निघायच्या आधी इथेनॉल चालणारे टाकून घ्या, एक मीटर पाइप, चार क्लिपा, पंपाचं डायफ्राम किट आणि दोन फिल्टर सोबत ठेवा. गाडी बरेच दिवस उभी असेल तर टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, तळाचा गंज फिल्टरमध्ये येऊन बसतो. साक्री-नवापूरच्या मधल्या कोंडाईबारीच्या घाटात गाडी गुदमरली तर घाबरू नका, सावलीत घ्या, बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं टाका, पाणी डिस्ट्रिब्युटरवर ओघळू देऊ नका, पंधरा-वीस मिनिटांत सुरू होते. गरम रेडिएटरचं झाकण मात्र अजिबात उघडायचं नाही. पाण्याचा पाच लिटरचा कॅन हवाच, पिण्याचं वेगळं. आणि सगळ्यात सोपं म्हणजे पहाटे चारला निघा, घाट ऊन तापायच्या आत पार होतो, आप्पांनाही त्रास नाही.

पान्यांचं थोडक्यात. पद्मिनीचे नट-बोल्ट एमएमच्या (मिलीमीटरच्या) मापाचे आहेत, ८ ते १९ पर्यंतचे पाने, प्लग पाना, दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, करंट बघायचा टेस्ट लॅम्प, हातातली बॅटरी (टॉर्च), बाइंडिंग वायर, टेप, एम-सील. एक रविवार काढा आणि पॉइंट, बेल्ट, प्लग हे याच पान्यांनी स्वतः उघडून परत लावा, जो पाना वापरला तो जुन्या चादरीत गुंडाळून ठेवा, ज्याला हात लागला नाही तो घरी. आमच्या मिस्त्रींचा पहिला प्रश्न असायचा, "पाना शे का?" (पाना आहे का?) आणि पाना असायचा, फक्त चार बॅगांच्या खाली. म्हणून गुंडाळी सगळ्यात वर.

जॅकखाली ठेवायला बाभळीची फूटभर लांबीची जाड फळी न्या, आपल्या काळ्या मातीत जॅक आत जातो, गाडी वर येत नाही. चाकाचे बोल्ट पंक्चरवाल्याने मशीनने आवळलेले असतात, घरीच एकदा सोडवून हाताने आवळा. टायरवर शेवटचे चार आकडे बघा, २३१८ म्हणजे २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातला. स्टेपनीचा आकडा आधी बघा, घरोघरी तीच सगळ्यात म्हातारी असते.

आरसी रिन्यू आहे ना तेही बघा, पंधरा वर्षांनंतर ती दर पाच वर्षांनी करावी लागते.

प्रश्न : माझी अँबॅसिडर मार्क २ आहे. पद्मिनीवाल्या मित्राचे पाने मला चालतील का?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : नाही. तुमच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. अर्ध्या इंचाच्या नटाला १३ चा पाना बसतो पण ढिला, दोनदा जोर लावला की नटाचे कोपरे जातात, मग तो छिन्नीनेच काढायचा. सात सोळांश, अर्धा आणि नऊ सोळांश हे तीन रिंग पाने आधी घ्या, पुष्कळ काम त्यांच्यावर होतं. १९९२ नंतरची इसुझू इंजिनची गाडी असती तर इंजिनाला एमएमचे चालले असते.