वर्डप्रेसच्या मेनूत नवीन पेजेस आपोआप येतात, पेजचं पॅरेंट (ते ज्या पेजखाली येतं ते वरचं पेज) बदलूनही मेनू तसाच राहतो, आणि चाळीसेक पेजेस एकाच ओळीत उभी आहेत. मेनू नीट कसा लावायचा?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन गोष्टी आहेत: पब्लिश केलेलं पेज स्वतःहून मेनूत येतं, पेजचं पॅरेंट बदलून मेनू हलत नाही, आणि चाळीसेक पेजेस एकाच ओळीत उभी आहेत.

पहिल्या दोन्हींचं मूळ एकच. वर्डप्रेसमध्ये पेजेसची उतरंड वेगळी आणि मेनूची वेगळी. पॅरेंट नेमल्याने पेजचा पत्ता बदलतो. मेनू ही हाताने लावलेली स्वतंत्र यादी असते, तिला पॅरेंटशी देणंघेणं नसतं. अपवाद असा: थीममध्ये, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या साच्यात, मेनूसाठी ठेवलेल्या जागेला कुठलाच मेनू नेमलेला नसेल, तर बऱ्याच थीम सगळी पेजेस आपणहून दाखवतात, आणि तिथे पॅरेंट चालतं. म्हणून नवीन पेज नेमकं कुठे उमटतं ते पाहा. नावाच्या अक्षरक्रमाने मधेच बसत असेल, तर मेनू नेमलेलाच नाही. कायम शेवटी येत असेल, तर मेनूच्या सेटिंगमध्ये नवीन पेजेस आपोआप जोडण्याची खूण चालू आहे. तुमच्याकडे पॅरेंटचा परिणाम होत नाही, म्हणजे या दोनांपैकी दुसरं कारण दिसतं. डॅशबोर्डमध्ये अपिअरन्स, मग मेनूज. तळाशी ती खूण काढा आणि सेव्ह करा. ती खूण फक्त पॅरेंट नसलेल्या पेजेसना लागू होते, त्यामुळे काही पेजेस मेनूत आली आणि काही नाहीत, असंही झालं असेल.

आता मांडणी. स्क्रीनवर ओढाओढी करण्याआधी चाळीसही नावं कागदावर लिहून गट पाडा. वरच्या ओळीत मी सातापेक्षा जास्त नावं ठेवत नाही. गट वाचक काय शोधत येतो त्यावरून पाडा, संस्थेतल्या विभागांवरून नको. 'इतर' नावाचा गट करावासा वाटला, तर गट पाडण्यात चूक आहे असं समजा. गोपनीयता धोरण, अटी वगैरेंचा वेगळा मेनू करून तो फूटरच्या जागेला नेमा.

मेनूतली एखादी नोंद दुसरीच्या पोटात घालायची तर ती तिच्या खाली आणून थोडी उजवीकडे सरकवून सोडा. माउसने जमत नसेल तर नोंद उघडा, आत 'मूव्ह'चे दुवे असतात. वरची नोंद ओढली की पोटातल्या सगळ्या तिच्यासोबत जातात. पण ती काढून टाकली, तर पोटातल्या नोंदी राहतात आणि एक पायरी वर येतात. तिसरी पायरी शक्यतो टाळा. पोटमेनू सेव्ह होऊनही साइटवर दिसत नसेल, तर थीममध्ये त्या जागेला एकच पायरी दाखवण्याची मर्यादा असू शकते.

गटाच्या शीर्षकाला पेज नसेल तर लोक कस्टम लिंकमध्ये (पत्ता हाताने टाकून केलेल्या नोंदीत) पत्त्याच्या जागी # टाकतात. चालतं, पण क्लिक केलं की पान वर उडी मारतं. त्यापेक्षा त्या गटातल्या पेजेसची ओळख करून देणारं खरं पेज करा. मात्र ते मोबाइलवर तपासा: काही थीममध्ये शीर्षकावर बोट ठेवताच पेज उघडतं आणि पोटमेनू दिसतच नाही. पोटमेनूसाठी वेगळा बाण असलेली थीम असेल तर प्रश्न येत नाही.

स्वतःच्या साइटची पेजेस कधीही कस्टम लिंक म्हणून जोडू नका. 'पेजेस'च्या यादीतून घेतलेली नोंद पेजच्या आयडीला बांधलेली असते, म्हणून पुढे पत्ता बदलला तरी दुवा तुटत नाही. हाताने टाकलेला पत्ता मात्र तसाच राहतो. चाचणीच्या डोमेनवर बांधलेली साइट खऱ्या डोमेनवर नेल्यावर हेच दुवे जुन्या जागी नेतात. नोंदीचं नाव तुम्ही बदललं नसेल, तर पेजचं शीर्षक बदलताच तेही बदलतं. बदललं असेल, तर जुनंच राहतं.

थीम बदलल्यावर मेनूजच्याच स्क्रीनवरच्या 'मॅनेज लोकेशन्स'मध्ये एकदा डोकवा. मेनू पुसला जात नाही, पण नव्या थीममध्ये त्याची जागा सुटलेली असू शकते.

अपिअरन्समध्ये 'मेनूज' दिसतच नसेल तर तुमची थीम ब्लॉक थीम, म्हणजे साइटचा प्रत्येक भाग ब्लॉकने बांधलेली थीम, असावी. तिथे साइट एडिटरमधला नेव्हिगेशन ब्लॉक वापरायचा. त्यात 'पेज लिस्ट' ब्लॉक असेल तर सगळी पेजेस आपोआप येत राहतात, आणि तिथे पॅरेंटही पाळलं जातं. त्याच्या टूलबारवरचं 'एडिट' दाबलं की यादीचे सुटे दुवे होतात, मग वरच्याच पद्धतीने ते हवे तसे लावता येतात.