परसातली फळझाडे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

उन्हाळा सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत फळझाडांविषयीचे प्रश्न वाढतात, कारण पहिल्या पावसाबरोबर रोप जमिनीत जावे असे प्रत्येकाला वाटत असते. या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे थोडी संक्षिप्त करून घेतली आहेत.

प्रश्न : वाईजवळ आमचा दोन गुंठ्यांचा प्लॉट असून त्यात सुमारे नऊशे चौरस फुटांचे घर नुकतेच बांधून झाले आहे. उरलेल्या जागेत हापूस, केसर, चिकू, फणस, दोन नारळ, पेरू, डाळिंब, कागदी लिंबू, सीताफळ आणि अंजीर लावायचे यजमानांनी ठरवले आहे. खड्डे किती अंतरावर घ्यावेत?

उत्तर : अंतर सांगण्याआधी जागेचा हिशेब मांडतो. दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट. त्यातून घर, येण्याजाण्याची वाट, गाडी लावायची जागा आणि शोषखड्डा वजा केला, तर झाडांसाठी फार तर हजार चौरस फूट राहतात. आंब्याच्या बागेत कलमे परंपरेने दहा मीटर बाय दहा मीटर अंतरावर लावतात, म्हणजे पूर्ण वाढलेल्या एका झाडाला जवळजवळ एक गुंठा लागतो. आपल्या यादीतले पहिलेच झाड आपली सगळी मोकळी जागा मागते, आणि यादीत अकरा झाडे आहेत. ती सगळी लावलीत तर पहिली चार वर्षे परस फार सुंदर दिसेल; त्यानंतर झाडे उजेडासाठी एकमेकांवर चढू लागतील, फांद्या नुसत्या उंच जातील आणि फळ शेंड्यावर, हाताला न येणाऱ्या जागी धरेल. नेमकी फळे धरायच्या वेळी झाड तोडावे लागणे फार क्लेशाचे असते, म्हणून निवड आत्ताच कठोरपणे करावी.

माझ्या मते आपण पाचच झाडे लावावीत : एक आंबा, एक चिकू, एक पेरू, एक कागदी लिंबू आणि एक सीताफळ. फणस अवाढव्य वाढतो, त्याला दोन गुंठ्यांत जागा नाही. नारळाला बारमाही पाणी लागते, शिवाय छपरावर आणि गाडीवर झावळ्या व नारळ पडण्याची धास्ती कायम राहते. डाळिंबाला कोरडी हवा मानवते. दमट हवेत त्यावर तेल्या रोग पसरतो, आणि घरच्या एका झाडासाठी तेवढ्या फवारण्या करणे मला योग्य वाटत नाही. अंजिराचा मोह मी समजू शकतो, परंतु सहावे झाड लावण्याइतकी जागा मला दिसत नाही.

आंब्यात हापूसचा आग्रह सोडावा. हापूसचे घर कोकणात आहे. तिथेही तो एका वर्षी भरभरून येतो आणि पुढच्या वर्षी हात आखडतो, शिवाय फळ कापल्यावर आत साका, म्हणजे गरातला पांढरट, स्पंजासारखा बेचव भाग निघण्याची भीती असतेच. घाटावर केसर अधिक भरवशाचा आहे. जागा फारच अडचणीची वाटली तर आम्रपाली घ्यावा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून ही जात तयार केली. तिचे झाड बुटके राहते आणि फळ बहुतेक दरवर्षी येते, मात्र ते उशिरा पिकते. केसर लावल्यास फळे उतरल्यावर लगेच, पावसाळा जोर धरण्याआधी, दरवर्षी हलकी छाटणी करून झाड बारा-पंधरा फुटांच्या आत ठेवावे.

पेरूसाठी सरदार ही जात पुरेशी आहे. पुण्याच्या गणेशखिंडीतील बागेत फलोद्यानतज्ज्ञ डॉ. चीमा यांनी १९२७ साली केलेल्या निवडीतून ती आली, आणि ‘लखनौ ४९’ या नावानेही ती रोपवाटिकांत मिळते. पेरूला फळ नव्या फुटीवर येते, त्यामुळे हे झाड छाटून लहान ठेवले तरी ते फळाला कमी पडत नाही. पावसाळ्यातल्या फळांत मात्र फळमाशीच्या अळ्या होतात. फळ लिंबाएवढे आणि अजून कडक असतानाच त्याला कागदी किंवा कापडी पिशवी बांधावी, आणि खाली पडलेली फळे रोज गोळा करून खोल पुरावीत. चिकूत कालीपत्ती ही जात घ्यावी. ते झाड सावकाश वाढते, पण बारा महिने हिरवेगार असते आणि फारसे काही मागत नाही.

आता दिशा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, म्हणून दक्षिणेला उंच झाड लावल्यास त्याच्या मागची सगळी बाग ऐन थंडीत सावलीत जाते. आंबा आणि चिकू पश्चिमेला किंवा उत्तरेला लावावेत. पश्चिमेचे झाड दुपारच्या उन्हापासून भिंतीलाही वाचवते. लिंबू, पेरू आणि सीताफळ पूर्वेला व दक्षिणेला राहू द्यावेत. भिंतीपासून आंबा पंधरा फूट आणि लहान झाडे आठ ते दहा फूट दूर असावीत. शोषखड्ड्याजवळ आणि विजेच्या तारांखाली काहीही लावू नये.

खड्डे याच महिन्यात खणून उन्हात तापू द्यावेत. आंब्याला आणि चिकूला तीन फूट, इतरांना दोन फूट लांबी, रुंदी आणि खोली पुरते. भरण्याआधी एक खड्डा पाण्याने भरून पाहावा. दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी साचलेले दिसले, तर तिथे निचरा नाही असे समजून ती जागा बदलावी किंवा झाड उंचवट्यावर लावावे. मग तळाशी पालापाचोळा आणि वर पोयटा माती, चांगले कुजलेले शेणखत व किलोभर सुपर फॉस्फेट असे भरून घ्यावे.

रोपवाटिकेत गेल्यावर पानांआधी कलमाचा सांधा, म्हणजे खालचे मुळाचे रोप (खुंट) आणि वर बांधलेली निवडक जातीची काडी जिथे जुळतात ती जागा पाहावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. माझ्या स्वतःच्या अंगणात केसरचे एक कलम होते. दुसऱ्या पावसाळ्यात सांध्याच्या चार बोटे खालून एक फुटवा आला. तो इतका जोमदार आणि तांबूस कोवळा होता की मला त्याचे कौतुकच वाटले आणि मी तो राहू दिला. तो खुंटाचा, म्हणजे कोणत्या तरी रायवळ (गावठी) आंब्याच्या कोयीचा फुटवा होता. तिसऱ्या वर्षी त्याने वरच्या केसरच्या फांदीला मागे टाकले, चौथ्या वर्षी ती फांदी वाळली, आणि सहाव्या वर्षी झाडाला जे आंबे लागले ते मुठीएवढे, आंबट आणि दोऱ्यांनी भरलेले होते. सहा वर्षे पाणी घातलेले ते झाड केसर राहिलेच नव्हते. म्हणून सांध्याखालचा प्रत्येक फुटवा दिसताक्षणी खुडून टाकावा, सांधा जमिनीच्या वर वीतभर राहील असे कलम लावावे, आणि सांध्यावरची प्लॅस्टिकची पट्टी तो नीट जुळल्यावर आठवणीने सोडावी, नाहीतर ती खोडात रुतते.

प्रश्न : गुहागर तालुक्यात आमच्या घरामागे रातांब्याची (कोकमाची) तीन झाडे आहेत. आठ वर्षे झाली, फुले भरपूर येतात, पण एकही फळ धरत नाही. खत कोणते घालावे?

उत्तर : खत घालून उपयोग होणार नाही. रातांब्यात नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात, आणि बियांपासून वाढवलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात. रोप लहान असताना पाहून ते ओळखता येत नाही. फुलावर येईपर्यंत सहा-सात वर्षे थांबावेच लागते. येत्या हंगामात एक फूल हातात घेऊन पाहा. मधोमध नुसता पुंकेसरांचा गुच्छ असेल तर झाड नर आहे. मध्ये हिरवट, मण्यासारखा गोल भाग असेल तर ते मादी आहे. आपल्या वर्णनावरून तिन्ही झाडे नर असावीत असे मला वाटते.

तरीही तिन्ही तोडू नका. दहा मादी झाडांमागे एक नर झाड परागीभवनासाठी ठेवण्याची पद्धत आहे, तेव्हा एक राहू द्यावे आणि उरलेल्या दोघांच्या जागी मादी झाडाच्या काडीची कलमे लावावीत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती दिलेल्या आहेत. कलम घेताना एक गोष्ट अवश्य विचारावी : काडी उभ्या वाढणाऱ्या शेंड्याची आहे की बाजूच्या आडव्या फांदीची? आडव्या फांदीच्या काडीचे कलम पुढेही आडवेच पसरते, आणि मग त्याला उभा आकार देता देता माणूस थकतो. जायफळ लावण्याचा विचार असल्यास तिथेही हेच लक्षात ठेवावे, कारण त्यातही नर-मादी झाडे निराळी असतात.

प्रश्न : आम्ही लातूरला राहतो. जमीन काळी आहे आणि उन्हाळ्यात पाणी विकत घ्यावे लागते. आमच्यासारख्यांनी फळझाडे लावूच नयेत का?

उत्तर : जरूर लावावीत. ज्या शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या वाचकाला केळी लावा असे मी सांगणार नाही. परंतु सीताफळ आणि बोर ही झाडे अशाच मुलखातली आहेत. सीताफळ उन्हाळ्याच्या तोंडावर पाने गाळून स्वस्थ राहते आणि पाऊस आला की नव्या फुटीबरोबर फुलते. बोर उन्हाळ्यात छाटून टाकले तरी पावसावर फुटून थंडीत फळ देते. दोन्ही झाडांना पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावे लागेल. घरातले भांडी विसळलेले, साबण नसलेले पाणी त्यासाठी पुरते, आणि आळ्यात वाळलेल्या पाल्याचे जाड आच्छादन घातल्यास पाण्याच्या पाळ्या निम्म्यावर येतात. काळी जमीन पावसात पाणी धरून ठेवते आणि सीताफळाला ते सोसत नाही. म्हणून खड्ड्यातील मातीत मुरूम मिसळावा आणि झाड उंच वरंब्यावर लावावे.

सीताफळाला फुले पुष्कळ येतात आणि फळे थोडी धरतात, अशी तक्रार आपण दोन-तीन वर्षांनी कराल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. या फुलातला स्त्रीभाग आधी तयार होतो आणि पराग नंतर सुटतात, त्यामुळे एका फुलाचे स्वतःशी परागीभवन क्वचितच होते. सकाळी लवकर उठून पूर्ण उमललेल्या फुलांतील पराग बशीत झटकून घ्यावेत, आणि ज्या फुलांच्या जाड पाकळ्या नुकत्याच विलग होऊ लागल्या आहेत त्यांच्या मधोमध मऊ कुंचल्याने अलगद लावावेत. मुलांना हे काम फार आवडते, आणि महिन्याभराने फांदीवर हिरवे मणी दिसू लागले की त्यांचा आनंद पाहण्यासारखा असतो. फळाचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या फटी रुंद होऊन पांढुरक्या-पिवळ्या दिसू लागल्या, की ते काढावे.

आवळाही तिथे होईल, परंतु एकच झाड लावल्यास बहुधा फळ कमी धरेल. दोन वेगळ्या जातींची दोन झाडे लावावीत.

प्रश्न : डोंबिवलीत आमच्या गॅलरीत सकाळी दोन तास ऊन येते. कुंडीत कोणते फळझाड येईल?

उत्तर : दोन तासांच्या उन्हात झाड जगेल, पण फळ देणार नाही. निदान पाच-सहा तास ऊन मिळणारी गच्ची असेल, तर अर्ध्या पिंपात कागदी लिंबू किंवा पेरूचे कलम लावता येते. ओल्या मातीने भरलेल्या अशा एका पिंपाचे वजन दीडशे किलोच्या घरात जाते, म्हणून ते तुळईच्या वर ठेवावे आणि सोसायटीची परवानगी आधी घ्यावी. गॅलरीत गवती चहा आणि पुदिना लावावा.

प्रश्न : गावी आमच्या आईने लावलेला रायवळ आंबा रस्त्याच्या रुंदीकरणात पुढच्या दिवाळीनंतर जाणार आहे. त्याचा रस आम्ही चाळीस वर्षे खाल्ला. त्याच्या कोयी नव्या घराच्या अंगणात रुजवल्या तर तेच झाड मिळेल का?

उत्तर : आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या कोयीतून येणारे झाड आईसारखेच निघेल याची खात्री नसते, कारण फुलावर पराग दुसऱ्या कुठल्या तरी झाडाचे आलेले असतात. कागदी लिंबाचे बी बऱ्याच अंशी मूळ झाडासारखे रोप देते, आंब्यात तसा भरवसा धरू नये. तोच रस हवा असेल तर त्या झाडाच्या काडीचे कलमच करावे लागेल, आणि त्यासाठी हा पावसाळा आपल्या हातात आहे.

कोयी कोणत्याही रायवळाच्या, पण ताज्या घ्याव्यात आणि जूनमध्ये पिशव्यांत रुजत घालाव्यात. कोंब तांबूस व कोवळा असतानाच कोय कलम बांधायचे असते. काडी तीन-चार महिने वयाची, पेन्सिलीएवढी जाड आणि शेंड्याचा डोळा फुगलेला पण न फुटलेला अशी निवडावी. ती कापण्याच्या आठ-दहा दिवस आधी झाडावरच तिची पाने देठ ठेवून कापावीत, म्हणजे डोळ्यात रस भरतो. काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी बांधाव्यात; काडीला पाचरीचा आकार देऊन ती कोंबाच्या चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट आवळायची. हात बसलेला नसेल तर गावातील किंवा जवळच्या रोपवाटिकेतील माळ्याकडून हे काम करून घ्यावे. काड्या मात्र आपण स्वतः उभे राहून त्या झाडावरूनच काढून द्याव्यात, आणि एक-दोन न घेता वीस-पंचवीस घ्याव्यात, कारण बांधलेली सगळी कलमे जगत नाहीत आणि दिवाळीनंतर पुन्हा काडी आणायला ते झाड नसेल.