विमानतळ आणि मेट्रो यांच्या हद्दीवर झालेला अपघात: भरपाई कोणाकडे मागायची?

प्रश्न: मी नाशिकला राहते. गेल्या पावसाळ्यात आईला घेऊन दुसऱ्या शहरात गेले होते. परतीचे विमान पकडण्यासाठी आम्ही तिथल्या मेट्रोने विमानतळ स्थानकावर उतरलो आणि तिकीट फाटकातून बाहेर पडून भुयारी जोडमार्गाने टर्मिनलकडे निघालो. छतातून गळून साचलेल्या पाण्यावरून आईचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करावी लागली, विमानही चुकले. विमानतळाने लेखी कळवले की त्या मार्गाची देखभाल मेट्रोकडे आहे. मेट्रोचे उत्तर आले की फाटकापलीकडचा भाग करारानुसार विमानतळाचा आहे. करार दाखवायला मात्र दोघेही तयार नाहीत. दावा कोणावर करावा?

उत्तर: दोघांवर, आणि एकाच तक्रारीत. आपल्या मातोश्रींच्या वाट्याला आलेली वेदना मोठी आहे, आणि ती सोसत असताना दोन कार्यालयांच्या हद्दीचा वाद सोडवण्याचे काम कायदा आपल्यावर टाकत नाही, हे प्रथम मनाशी पक्के करावे.

देखभालीची जबाबदारी वाटून घेणारा करार विमानतळ चालवणारी कंपनी आणि मेट्रो यांच्यात झालेला आहे. आपण त्याच्या पक्षकार नाही. अशा करारात साफसफाई कोणी करायची, दिवे व सरकते जिने कोणी सांभाळायचे, पाण्याचा निचरा कोणाकडे, आणि एकाच्या चुकीमुळे दुसऱ्याला पैसे मोजावे लागले तर ते कसे भरून द्यायचे, हे ठरलेले असते. त्यावरून अखेरचा खर्च दोघांपैकी कोणाच्या अंगावर पडेल हे ठरेल, परंतु जखमी प्रवाशाला भरपाई मिळावी की नाही हे त्यावरून ठरत नाही. प्रवाशांना ज्या मार्गाने जायला सांगितले जाते तो मार्ग सुरक्षित ठेवण्याचे कर्तव्य, तो मार्ग ज्यांच्या ताब्यात आहे आणि ज्यांच्या प्रवाशांसाठी तो उघडा ठेवला आहे, त्या सर्वांचे असते.

याचा उत्तम आधार म्हणजे वडोदरा महानगरपालिकेच्या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा निकाल. सन 1993 मध्ये तिथल्या सूरसागर तलावात नाव उलटून 22 जणांचा मृत्यू झाला होता. नाव ठेकेदार चालवत होता, म्हणून जबाबदारी त्याचीच, असा महापालिकेचा बचाव होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. काम दुसऱ्याला सोपवले म्हणून काळजी घेण्याचे मूळ कर्तव्य संपत नाही, हे त्या निकालाचे सार आहे, आणि मुळात ते प्रकरण ग्राहक कायद्याखालचेच होते. दिल्लीतील चांदणी चौकात घड्याळाचा मनोरा कोसळून झालेल्या मृत्यूंबाबत 1966 मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले होते की अशी वास्तू सामान्यपणे आपोआप कोसळत नाही, त्यामुळे निष्काळजीपणा झाला नाही हे दाखवण्याचा भार ती सांभाळणाऱ्यावर येतो. सार्वजनिक जोडमार्गाच्या छतातून चालण्याच्या वाटेवर पाणी का गळत होते, याचे स्पष्टीकरण प्रथम त्यांनी द्यावे, असा युक्तिवाद आपल्याला यावरून करता येईल.

गळती नेमकी कुठे होती, याला मी फार महत्त्व देतो. भुयारी स्थानक आणि टर्मिनल ही बहुधा वेगवेगळ्या काळात उभी राहिलेली दोन स्वतंत्र बांधकामे असतात आणि ती जिथे मिळतात तिथे प्रसरणासाठी सांधा ठेवलेला असतो. पावसाळ्यात पाणी बहुतेक वेळा याच सांध्यातून झिरपते, आणि देखभालीची हद्दही बहुधा तिथेच आखलेली असते. म्हणून आपल्याजवळच्या छायाचित्रांत छतावरची धातूची पट्टी, फरशीचा बदललेला रंग, भिंतीवरचे फलक, पुसणाऱ्या कर्मचाऱ्याच्या गणवेशावरचे नाव, कॅमेऱ्यावरचा क्रमांक यांपैकी जे काही दिसत असेल ते जपून ठेवावे, कारण प्रत्यक्ष ताबा कोणाचा होता हे अशा गोष्टींवरून सिद्ध होते. ‘फरशी ओली आहे’ असा फलक तिथे होता का, हेही आठवून लिहून ठेवावे. तो असल्यास आईंनीही पुरेशी काळजी घेतली नाही, असा मुद्दा मांडून भरपाई कमी करण्याचा प्रयत्न होईल.

दोघांमधला वाद मिटेपर्यंत थांबण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. दिल्लीच्या विमानतळ मेट्रो मार्गाचे उदाहरण पाहावे. तिथे 2008 च्या करारानुसार स्थापत्य बांधकाम दिल्ली मेट्रोचे, तर यंत्रणा आणि गाड्या चालवणे खासगी कंपनीचे, अशी विभागणी होती. फेब्रुवारी 2011 मध्ये सुरू झालेला मार्ग उन्नत भागातील दोषांमुळे जुलै 2012 मध्ये बंद ठेवावा लागला, आणि करार कोणी मोडला हा वाद लवादाचा 2017 चा निवाडा, सर्वोच्च न्यायालयाचा 2021 चा निकाल अशी वळणे घेत एप्रिल 2024 मध्ये उपचारात्मक याचिकेवर, म्हणजे अंतिम निकालातली गंभीर चूक सुधारण्यासाठी त्याच न्यायालयाकडे करता येणाऱ्या शेवटच्या अर्जावर, संपला. संस्थांना एवढा काळ लढणे परवडते. शस्त्रक्रियेचे बिल भरलेल्या वृद्ध स्त्रीला ते परवडणारे नाही, आणि तिने त्यात गुंतण्याचे कारणही नाही.

मंच कोणता, हे आता पाहू. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा आयोगाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या जिल्ह्याच्या मंचाकडे, जाणे मला सर्वांत योग्य वाटते. मेट्रोचे तिकीट काढल्यामुळे आई मेट्रोच्या ग्राहक आहेतच. विमानतळ मात्र आक्षेप घेईल की भाडे विमान कंपनीला दिले, आम्हाला नाही. त्यासाठी विमान तिकिटाचा तपशील काढावा. त्यात ‘यूडीएफ’ म्हणजे वापरकर्ता विकास शुल्क आकारलेले असेल तर ती रक्कम विमानतळाच्या सोयींसाठी प्रवाशाकडून घेतलेली असते, आणि तिच्या आधारे आई विमानतळाच्याही ग्राहक ठरतात, असे मांडता येते. मेट्रो कदाचित 2002 च्या मेट्रो रेल्वे (परिचालन व देखभाल) कायद्याकडे बोट दाखवेल. ग्राहक कायद्यातील उपाय इतर कायद्यांना पूरक आहे, असे त्याच्या कलम 100 मध्ये स्पष्ट म्हटले असल्याने त्या आक्षेपाला उत्तर आहे.

तक्रारदार आई असतील; आपण त्यांचे अधिकारपत्र घेऊन काम पाहू शकता. अपघात दुसऱ्या शहरातला असला तरी तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार चालते, म्हणून आईही नाशिकला राहत असतील तर नाशिकमध्येच दाखल करावी. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. तक्रारीत विमानतळ कंपनी व मेट्रो या दोघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्षकार) करावे आणि भरपाई ‘संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या’ द्यावी अशी मागणी लिहावी. हे शब्द वगळू नयेत. दोघांच्या निष्काळजीपणातून एकच इजा झाली असेल तर पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून वसूल करता येते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये मोटार अपघाताच्या खेन्येई प्रकरणात पुन्हा सांगितले आहे. आपसातला वाटा त्यांनी नंतर ठरवावा.

त्याआधी दोन पत्रे तातडीने जायला हवीत. पहिले, दोघांनाही स्पीड पोस्टने नोटीस, ज्यात त्या दिवसाचे कॅमेऱ्याचे चित्रण, सफाईची नोंदवही आणि गळतीच्या जुन्या तक्रारी जपून ठेवण्याची मागणी असावी. चित्रण थोड्याच काळात पुसले जाते. ते यापूर्वीच गेले असेल तर कधी व कोणाच्या आदेशाने पुसले, हे विचारावे. दुसरे, माहिती अधिकाराचा अर्ज. विमानतळ खासगी कंपनी चालवत असेल तर थेट तिच्याकडे न मागता भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आणि मेट्रोच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे मागावे. संपूर्ण करार मागितल्यास व्यापारी गोपनीयतेचे कारण पुढे येईल, म्हणून जोडमार्गाच्या देखभालीचे कलम, हद्द दाखवणारा नकाशा आणि हस्तांतरणाचा दिनांक एवढेच मागावे, आणि उरलेला भाग झाकून तेवढा भाग देण्याची तरतूद कलम 10 मध्ये आहे, याचा उल्लेख करावा. उत्तर आले नाही तरी तक्रार अडत नाही. करार हजर करण्याचा आदेश आयोगाकडून मागता येतो.

मागणीत रुग्णालयाचा खर्च, घरी ठेवलेल्या मदतनिसाचा पगार, पुढील उपचार, बुडालेले विमानभाडे आणि शारीरिक व मानसिक त्रास हे स्वतंत्रपणे दाखवावे. आरोग्य विम्यातून काही रक्कम मिळाली असेल तर ती लपवू नये.

नोटीस मिळाल्यावर दोघांपैकी एकाकडून किंवा त्याच्या विमा कंपनीकडून थोडी रक्कम देऊ केली जाण्याची शक्यता आहे. ती घेण्यास हरकत नाही, पण ‘पूर्ण व अंतिम समझोता’ असे लिहिलेल्या कागदावर आईंची सही होऊ देऊ नये. पावतीवर ‘अंशतः मिळाले, उर्वरित हक्क राखून’ असे लिहावे, आणि ते मान्य नसेल तर वकिलाला कागद दाखवल्याशिवाय रक्कम स्वीकारू नये.