इलेक्ट्रॉनिक ड्रमचा हाय-हॅट पाय दाबूनही पूर्ण बंद का होत नाही?

तुमचं म्हणणं असं की हेडफोन थेट मॉड्युलला (किटचे आवाज काढणारा डबा) लावून वाजवलं तर हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) ठीक वाजतो, पण लॅपटॉपवर सुपिरियर ड्रमर ३ या ड्रमच्या सॉफ्टवेअरमध्ये पाय दाबून धरला तरी तो अर्धवट उघडाच ऐकू येतो. मग नवं पेडल घ्यायची घाई करू नका. गडबड बहुतेक आकड्यांत आहे.

पेडल लॅपटॉपला नुसतं ‘उघडा’ किंवा ‘बंद’ कळवत नाही. मिडी म्हणजे वाद्य आणि कंप्युटर यांच्यातली संदेशांची भाषा. तिच्या सीसी ४ या पेडलच्या कंट्रोल नंबरवर ० ते १२७ मधला आकडा सतत जात असतो. बहुतेक किटमध्ये ० म्हणजे पूर्ण उघडा, १२७ म्हणजे घट्ट बंद. येणारे मिडी मेसेज दाखवणारं कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, पाय सावकाश दाबत न्या आणि आकडा कुठे अडकतो ते बघा. समजा तो ९० वरच थांबला. मॉड्युलच्या दृष्टीने हाय-हॅट बंद झाला, सॉफ्टवेअर मात्र अजून १२७ ची वाट बघतंय. रोलंड कंपनीच्या काही मॉड्युलमध्ये ‘सीसी मॅक्स’ नावाची सेटिंग असते, ९० किंवा १२७. ती १२७ करा. तशी सोय नसेल तर सुपिरियर ड्रमरच्या ई-ड्रम सेटिंगमध्ये हाय-हॅटचा कर्व्ह (कुठल्या आकड्याला हाय-हॅट किती उघडा ते ठरवणारी रेघ) ओढून तुमचा वरचा आकडा हाच ‘बंद’ करून टाका.

कर्व्ह लावताना पाय रोज वाजवताना जेवढा दाबता तेवढाच दाबा. सगळे इथेच जोर लावतात, आणि मग गाण्यात पाय जरा सैल पडला की हाय-हॅट फसफसायला लागतो. बूट घालून वाजवत असाल तर सेटिंगही बूट घालूनच.

स्टँडवर बसणारा व्हीएच-११ सारखा हाय-हॅट असेल तर या सगळ्याआधी त्याचा ऑफसेट (सेन्सरची सुरुवातीची जागा) जुळवावा लागतो. क्लच (हाय-हॅटला दांड्यावर धरणारी पकड) सैल करून हाय-हॅट खालच्या सेन्सरवर नुसता टेकू द्या, पेडलवर पाय नको. मॉड्युलमध्ये ऑफसेट सेट करा, मग साधारण १ सेंटीमीटर वर उचलून क्लच आवळा. एफडी-८ सारख्या सुट्या पेडलला ही भानगड नाही. त्याच्या आत एक रबर सेन्सरवर दाबलं जातं, तेवढंच. फक्त फरशीवर ते पुढे सरकत जातं आणि दाब बदलतो, म्हणून खाली जाड सतरंजी टाका. केबल स्टिरिओच हवी, गिटारची मोनो चालणार नाही.

आकडा १२७ पर्यंत जाऊनही कडेवर मारल्यावर भलताच आवाज येत असेल तर मॅपिंग, म्हणजे कुठल्या नोटला कुठला आवाज लावलाय ते, तपासा. रोलंड किट कडेसाठी सहसा २२ आणि २६ या नोट (मिडीतले आवाजाचे नंबर) पाठवतं. जनरल मिडी या सर्वसाधारण मानकात मात्र हाय-हॅटला ४२, ४४ आणि ४६ एवढ्याच नोट आहेत, म्हणून जुळणी चुकते. सॉफ्टवेअरच्या यादीतून तुमच्या मॉड्युलच्या नावाचा प्रीसेट (तयार सेटिंग) निवडा, आणि कर्व्ह त्यानंतरच लावा, नाहीतर प्रीसेट बदलल्यावर तो पुन्हा लावत बसावं लागेल.