वाडीतल्याच माणसाची गाडी लागली, म्हणून दावा सोडू नका

प्रश्न : माझे मिस्टर (वय ३८) रोज पहाटे बेकरीतून पाव-बटर घेऊन सायकलवरून वाड्यावाड्यांत विकतात. गणपतीला चार दिवस असताना मुंबईहून येणाऱ्या गाडीने त्यांना मागून उडवलं. गाडीवाला आमच्याच वाडीतला चाकरमानी. नडगीचं हाड मोडलं, गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात ऑपरेशन करून सळी घातली. साडेतीन महिने झाले तरी कुबड्या सुटल्या नाहीत, गुडघा पुरता वाकत नाही. दिरांनी एफआयआर केली आहे. गाडीवाल्याने सुरुवातीला ४० हजार दिले. आता सव्वा लाख देतो म्हणतो, पण ‘आमची काही तक्रार नाही’ अशा स्टॅम्पपेपरवर सही हवी. सायकलला दिवा नव्हता, म्हणजे चूक आमचीही आहे, असं त्याचं म्हणणं. मिस्टर म्हणतात, ‘आमका कोर्टाची कटकट नको.’ काय करू?

उत्तर : ताई, त्या कागदावर सही करू नका. आणि तुमची मोडकी सायकल अजून पडवीत असेल तर ती भंगारात देऊ नका, दुरुस्तही करू नका.

आधी मुदतीचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा भरपाईचा दावा अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दाखल करायचा असतो. ही अट १ एप्रिल २०२२ पासून आहे. घरी सोडल्याच्या किंवा कुबड्या सुटल्याच्या तारखेपासून नाही, अपघाताच्या तारखेपासून. म्हणजे तुमच्या हातात अडीच महिने आहेत. ‘शिमग्याला गावी आलो की बसून मिटवू’ असं कोणी म्हणालं, तर तोवर मुदत संपलेली असेल. पोलिसांनीही अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाला (भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टाला) आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो. तो गेला का, ते ठाण्यात जाऊन विचारा. पण त्याच्या भरवशावर राहू नका. दाव्यासाठी मुंबईला जायची गरज नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे सिंधुदुर्गात ओरोसला, तो दाखल होतो.

मिस्टरांना कोर्ट नको वाटतं ते मी समजू शकतो. एकाच वाडीत राहायचं, एकाच देवळात जायचं, उद्या त्याच्या घरच्यांशी बोलणं बंद झालं तर? पण हे पैसे बहुतेक त्याच्या खिशातून जाणारच नाहीत. गाडीचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो, आणि तो तुमच्या मिस्टरांसारख्या रस्त्यावरच्या माणसासाठीच असतो. दावा गाडीमालकाबरोबर विमा कंपनीवर होतो आणि पॉलिसी चालू असेल तर रक्कम कंपनी भरते. उलट आज सव्वा लाख देऊन त्याचाच खिसा रिकामा होणार.

तो सव्वा लाखही किती तोकडा आहे ते बघा. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत. चूक कोणाची हे न बघता गंभीर दुखापतीला अडीच लाख देण्याची तरतूद कलम १६४ मध्ये आहे. मी तुम्हाला कलम १६६ चाच रस्ता सांगेन, कारण तिथे माणसाची खरी कमाई आणि खरं नुकसान मोजलं जातं.

ते कसं मोजतात? समजा महिन्याची कमाई १२,००० रुपये सिद्ध झाली. वर्षाचे झाले १,४४,०००. स्वतःचा धंदा करणारा माणूस चाळिशीच्या आतला असेल तर पुढच्या वाढीपोटी ४० टक्के धरतात; हे प्रणय सेठी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवलं. झाले २,०१,६००. ३६ ते ४० वयाला गुणक (वर्षाच्या रकमेला गुणायचा आकडा) १५, म्हणजे ३०,२४,०००. आता अपंगत्वाची टक्केवारी. कंपनीचा वकील म्हणेल, पाय अधू झाला, पण सबंध शरीराचा विचार केला तर १० टक्केच. त्या हिशेबाने ३,०२,४०० होतात. पण राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालाप्रमाणे बघायचं असतं ते माणसाच्या कामावर झालेला परिणाम. टेबलावर बसणाऱ्या कारकुनाचा गुडघा वाकला नाही तर पगार चालू राहतो. पाववाल्याला पायडल मारता आलं नाही तर चूल बंद. न्यायाधिकरणाने ३० टक्के धरले तर तीच रक्कम ९,०७,२०० होते. उपचाराचा खर्च, बुडालेले दिवस, वेदना, पुढे सळी काढायचं ऑपरेशन, हे सगळं त्याशिवाय.

म्हणून बरं होण्याचा हा काळ नीट लिहून ठेवा. फिजिओथेरपीची एकही खेप चुकवू नका: आधी पायासाठी, आणि मग कागदासाठी. हाड पुरतं जुळल्यावर, गुडघा आता यापुढे सुधारणार नाही असं डॉक्टर म्हणाले की मगच जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला घ्या. त्यासाठी दावा मात्र अडवू नका. दाखला नंतर दाखल करता येतो. सळी काढायला किती खर्च येईल ते सर्जनकडून लिहून घ्या. बांबोळीला नेणाऱ्या गाडीवाल्याकडून प्रत्येक फेरीची पावती घ्या. आणि तुम्ही त्यांना उचलता, आंघोळ घालता, स्वतःची मजुरी बुडवून घरी थांबता, त्याचेही पैसे मागता येतात. बायका हे सांगतच नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितोय.

कमाईचा पुरावा नाही म्हणून घाबरू नका. बेकरीवाला रोज किती पाव दिले ते वहीत मांडतो ना? ती वही आणि त्याची साक्ष हाच तुमचा पुरावा. त्या पानांचे फोटो आजच काढून ठेवा.

दिव्याचं म्हणाल तर सायकल मोटार वाहन नाही, तिला लायसन्स लागत नाही की हेल्मेट. अंधारात दिवा नव्हता हा मुद्दा कंपनी काढणार, आणि न्यायाधिकरणाला पटला तर थोडी रक्कम कापलीही जाईल. दावा त्याने बुडत नाही. धडक मागून बसली हे सायकलच सांगेल: मागचं चाक किती वाकलंय, कॅरियर कसा दबलाय, मडगार्डवर गाडीचा रंग लागलाय का, लाल रिफ्लेक्टर शाबूत आहे का. पंचनाम्यात हे आलंय का ते वाचा. नसेल तर चारी बाजूंनी फोटो काढा.

आधीचे ४० हजार लपवू नका, दाव्यात लिहा. एफआयआर अशा स्टॅम्पपेपरने मागे घेतली जात नाही. फौजदारी खटला वेगळा आणि भरपाई वेगळी. सही होऊन गेली असेल तरीही दावा आपोआप संपत नाही, त्या कागदाची प्रत घेऊन वकिलाकडे जा. फीची अडचण असेल तर ओरोसलाच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करा. आणि तडजोडच हवी असेल तर दावा दाखल करून लोकअदालतीत करा, तिथे विमा कंपनीचा माणूस समोर असतो. फक्त एक लक्षात ठेवा, लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, तेव्हा पायाचं चित्र स्पष्ट होईपर्यंत तिथेही आकडा ठरवू नका.

गाडीवाला पुन्हा घरी आला तर भांडू नका, चहा द्या. त्याच्याकडून सव्वा लाख नको. गाडीची आरसी (नोंदणीपत्र), लायसन्स आणि विमा पॉलिसीची प्रत मागा. टाळाटाळ केली तर तीच कागदपत्रं पोलीस ठाण्यातून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.