भाऊ म्हणतो नुसती सही कर: वाचकांचे कायदेशीर प्रश्न

प्रश्न: मॅडम, माझे वडील 2001 मध्ये वारले. शेती आजोबांपासूनची आहे, वाटणी कधीच झालेली नाही. माझं लग्न 1992 चं. आता भावाला बँकेचं कर्ज काढायचंय म्हणून तो म्हणतो हक्कसोडपत्रावर सही कर, तुझा तसाही हक्क नाही कारण लग्न आधीच झालंय आणि वडीलपण 2005 च्या आधी गेले. सही नाही केली तर माहेर तुटेल अशी भीती वाटते. काय करू?
(एक भगिनी, सातारा जिल्हा)

उत्तर: ताई, सगळ्यात आधी एक विचार करा, हक्कच नसता तर तो सोडायचा कागद कशाला लागला असता? तुमचा हक्क आहे म्हणूनच सही मागतायत.

भाऊ जे सांगतो ते अगदी मनाचं नाहीये, त्याला जुना आधार आहे. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला होता पण त्यात ज्यांची लग्नं आधी झाली होती त्यांना वगळलं होतं, आणि गावात अजून तेच डोक्यात बसलंय. नंतर 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू वारसा कायद्यात केंद्राची दुरुस्ती आली, तिच्यात लग्नाची अट नाही. वडील त्या तारखेला हयात पाहिजेत का यावर बरीच वर्षं वाद चालला, तो सुप्रीम कोर्टाने 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा केसमध्ये मिटवला: मुलीला हक्क जन्मापासून आहे, वडील तेव्हा हयात असायची गरज नाही. फक्त 20 डिसेंबर 2004 च्या आधी रजिस्टर वाटणी किंवा कोर्टाच्या हुकमाने वाटणी झाली असेल, किंवा जमीन विकून झाली असेल, तर ते व्यवहार उकरता येत नाहीत. तुमच्याकडे वाटणीच नाही म्हणता, मग प्रश्न मिटला. तुमचा वाटा नेमका किती हे आई हयात आहे का, भावंडं किती, यावरून ठरेल.

आता लगेच करायचं काम म्हणजे सातबारा आणि वडील गेल्यानंतरचा वारसाचा फेरफार काढून बघा. बहिणींची नावं कधी सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकलेली असतात, कधी घातलेलीच नसतात. नाव नसलं म्हणून हक्क जात नाही, सातबारा हा मुळात महसुलाचा कागद आहे, मालकी त्याने ठरत नाही. पण नाव लावून घ्या, तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करा.

आणि कर्जाचं म्हणाल तर बँकेला बहुतेक वेळा बाकी सहहिस्सेदारांची संमती चालते, त्यासाठी हक्क कायमचा सोडायची गरज नसते. संमतीपत्रात रक्कम आणि मुदत लिहून घ्या, कारण कर्ज थकलं तर तुमच्या वाट्यावरही बोजा येतो. हक्कसोडपत्र मात्र दुय्यम निबंधकाकडे एकदा रजिस्टर झालं की मागे घेता येत नाही, फसवून सही घेतली असं कोर्टात सिद्ध करावं लागतं आणि तेही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. मनापासून भावाला द्यायचं असेल तर जरूर द्या, तो तुमचा अधिकार आहे. पण माहेर तुटेल या धाकाने सही करू नका, आणि भावाला सरळ सांगा की कर्जाला संमती देते, हक्क सोडत नाही.

प्रश्न: मिस्टर सहा महिन्यांपूर्वी गेले. एफडीला लग्नाच्या आधीपासून दिरांचं नाव नॉमिनी होतं. बँकेने सगळे पैसे त्यांना दिले, आता ते म्हणतात नॉमिनी मी आहे म्हणजे पैसे माझे. मला एक मुलगी आहे, सासूबाई आहेत.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: नाही, पैसे त्यांचे नाहीत. नॉमिनी म्हणजे बँकेने ज्याच्या हातात रक्कम ठेवायची तो माणूस, मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर तुम्ही, मुलगी आणि सासूबाई असे तीन समान वाटे होतात, दिरांचा त्यात काहीच नाही. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. विम्याचं थोडं वेगळं आहे, तिथे 2015 पासून नवरा-बायको, आईवडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांचा हक्क जास्त भक्कम धरला जातो, पण दीर त्यात बसत नाहीत.

बँकेशी भांडून उपयोग नाही, तिने नियमाप्रमाणे पैसे दिलेत. दिरांना वकिलामार्फत नोटीस द्या, नाही ऐकलं तर दिवाणी दावा, आणि पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते तेव्हा बघू नंतर म्हणून सोडू नका. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 ला फोन करा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती हे बघत नाहीत. हे फार कमी जणींना माहीत असतं म्हणून मुद्दाम लिहितेय.

प्रश्न: पुण्यात फ्लॅट सोडला, मालक डिपॉझिट देत नाही. अ‍ॅग्रीमेंट फक्त नोटरी केलेलं आहे, रजिस्टर नाही. माझी केस कमजोर आहे का?

उत्तर: उलट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची असते, नोटरी म्हणजे रजिस्ट्रेशन नाही. करार रजिस्टर नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, मालकाला ते खोटं ठरवावं लागतं. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. डिपॉझिट ट्रान्सफर केल्याची बँक एंट्री, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, चावी परत दिल्याचा मेसेज हे सगळं जपून ठेवा आणि आधी लेखी नोटीस पाठवा, त्यात कलम 55 चा उल्लेख जरूर करा.