एक लेखक, २८ नावं

प्रश्न : जॉन क्रीसी या इंग्रज रहस्यकथाकाराने इतकी टोपणनावं का घेतली? जुनी पेपरबॅक घेताना एकच कादंबरी दोनदा गळ्यात पडू नये म्हणून काय पाहावं?

उत्तर : क्रीसी (१९०८–१९७३) यांची पुस्तकं ५५०हून अधिक, नावं २८. एका नावावर वर्षाला दोन-तीनपेक्षा जास्त पुस्तकं प्रकाशकाला परवडत नाहीत. आपल्याच पुस्तकांची आपसात स्पर्धा होते. म्हणून प्रत्येक मालिकेला वेगळं नाव. स्कॉटलंड यार्डचा अधिकारी गिडियन याच्या पोलीसकथा जे. जे. मॅरिक या नावाने, 'बॅरन' या रत्नचोर नायकाची मालिका अँथनी मॉर्टन या नावाने. 'मॅरिक' तर घरातूनच जुळवलेलं : जॉन, पत्नी जीन, मुलं मार्टिन आणि रिचर्ड. यातलं 'गिडियन्स फायर' रहस्यकथांसाठीच्या अमेरिकन एडगर पुरस्काराचं मानकरी ठरलं. मालिकांमध्ये तेच सर्वांत कसदार, सुरुवात तिथूनच करा.

फसगत होते ती अमेरिकन आवृत्त्यांत. 'मीट द बॅरन' तिकडे 'द मॅन इन द ब्लू मास्क' झालं. मायकल हॅलिडे या त्यांच्याच टोपणनावाची काही पुस्तकं तिकडे जेरेमी यॉर्क किंवा काइल हंट या नावांनी निघाली. त्यामुळे मुखपृष्ठावर विसंबू नका. शीर्षकपानामागचं स्वामित्वहक्काचं पान उघडा : मूळ शीर्षक आणि पहिलं प्रकाशनवर्ष बहुधा तिथे असतं. 'सुधारित आवृत्ती' असा शेरा दिसला तर थांबा. क्रीसींनी जुन्या कादंबऱ्या पुढे स्वतः दुरुस्त केल्या. मूळ मजकूरच हवा असेल तर ती प्रत घेऊ नका.